शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराज आणि आपल्या दुखावलेल्या भावना

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीला सायंकाळी जन्मसोहळा झाला, सुंठवडा वाटला गेला, की आपण सगळे आरतीला उभे राहतो. ती आरती आपल्याकडच्या लहान पोरांनाही पाठ असते. पण शेवटच्या कडव्यात एका जनार्दनी अशी जी नाममुद्रा येते, ती कुणाची असं विचारलं तर पुष्कळजण थबकतात. ती आरती पैठणच्या एकनाथ महाराजांची. वारकरी मंडळी नाथांना आपलं मानतात ते योग्यच आहे, पण नाथांचं गुरुघराणं दत्तप्रभूंचं. म्हणून दत्तभक्तांच्या अंकात नाथांचं चरित्र यायलाच हवं.

यंदा मी नाथांवरच लिहायला घेतलं त्याला आणखी एक कारण आहे. मागे एका गुरुवारी शेजारतीनंतर आम्ही दहा-बाराजण मंदिराच्या पायरीवर बसलो होतो. एकाच्या मोबाईलवर आपल्या दैवताची टिंगल करणारं एक चित्र आलं. हा मोबाईल त्या हातात, तो या हातात, असं करत ते सगळ्यांनी पाहिलं. पोरं तापली. मोटारसायकली काढून निघाली. कुणाकडे जायचं, कोण माणूस, काही पत्ता नव्हता. त्या घोळक्यात वयानं मोठा मीच. मी थांबवायला हवं होतं. उलट मीच त्यांना म्हणालो की जाऊन या, शांत बसायची वेळ राहिली नाही. दत्तकृपेनं त्या रात्री कुणी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की ते चित्र कितीतरी जुनं होतं आणि आमच्यातल्याच एकानं, बघा कसा अपमान चाललाय म्हणून, पन्नास जणांना पाठवलं होतं. म्हणजे संगमनेरात आमच्या दैवताची टिंगल त्या दिवशी घरोघर पोचवली ती आम्हीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात महिपतीबुवांचे भक्तविजय आणि भक्तलीलामृत हे ग्रंथ वडिलांच्या काळापासून आहेत. महिपती हे आपल्याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. संतांची चरित्रं घराघरांत पोचवली ती त्यांनी. त्यांचं नाथचरित्र काढून बसलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या वाचनातून आणि पैठणच्या वाऱ्यांतून मला समजलं तसं लिहितो आहे. मी पंडित नाही, आयुष्यभर बँकेत लेजरं लिहिली. चूकभूल द्यावी घ्यावी.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास पैठणला झाला. त्या वेळी या मुलखावर अहमदनगरच्या निजामशहाचं राज्य होतं. घराणं भानुदासांचं. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरपूरला परत आणली असं ज्यांच्याविषयी सांगतात, ते भानुदास नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघंही नाथ अगदी लहान असताना गेली. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवलं.

बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घरात न सांगता देवगिरीला गेला. तिथे जनार्दनस्वामी हे किल्लेदार होते. मूळचे चाळीसगावचे, निजामशाहीत मोठ्या अधिकारावर, आणि दत्तप्रभूंचे निस्सीम भक्त. गुरुवारी किल्ल्याचं कामकाज बंद ठेवून ते दत्तचिंतनात बसत, असं सांगतात. बघा, चाकरी मुसलमान सुलतानाची आणि भक्ती दत्ताची, आणि दोन्हीत कसूर नाही.

स्वामींनी एकनाथांना किल्ल्याच्या हिशेबाचं काम दिलं. एका रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली. पोर दिवा लावून बसलं. तीन प्रहर उलटून गेले, तहानभूक नाही. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी मागेच उभे होते. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर या संसारात जन्माची जी चूक झाली आहे ती सापडली तर किती होईल, असं त्यांनी शिष्याच्या मनावर बिंबवलं. ज्यानं मार्च अखेरीला रात्री अकरापर्यंत बॅलन्स जुळवत बसण्याचं काम केलं आहे, त्याला ही गोष्ट जास्तच जवळची वाटते. मात्र आम्ही चूक शोधत बसायचो ती घरी जायला मिळावं म्हणून, एवढा फरक.

देवगिरीवरच्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

पहिली अशी. एकदा स्वामी समाधीत असताना शत्रू किल्ल्यावर चालून आला. गुरूंची समाधी मोडू नये म्हणून एकनाथांनी त्यांचं चिलखत अंगावर चढवलं, शस्त्र घेतलं, लढले, शत्रूला परतवलं आणि चिलखत जागच्या जागी ठेवून पुन्हा आपल्या कामाला लागले. म्हणजे नाथ हे दुबळे म्हणून शांत होते असं कुणी समजू नये. हातात तलवार धरता येणारा तो माणूस होता.

दुसरी गोष्ट दत्तदर्शनाची. स्वामींनी शिष्याला दत्तदर्शन घडवायचं ठरवलं. दत्तप्रभू आले ते तीन शिरं, सहा हात, भगवी वस्त्रं अशा रूपात नव्हे. आले मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेषात, आणि सोबत कुत्री. स्वामी त्यांच्याशी जवळिकीनं वागतात, त्यांच्यासोबत जेवतात, हे पाहून एकनाथ बावरले. ब्राह्मणाच्या कुळातलं पोर, त्याला ते कसं रुचावं? ती कुत्री म्हणजे कामधेनू आणि तो मलंग म्हणजे साक्षात दत्तात्रेय, हे गुरूंनी दाखवलं तेव्हा कळलं. ज्या दैवताची आपण उपासना करतो ते आपल्याला न आवडणाऱ्या रूपात समोर उभं राहू शकतं, हा धडा नाथांना वयाच्या कोवळेपणीच मिळाला. पुढच्या आयुष्यात ते तो कधी विसरले नाहीत.

पुढे गुरूंच्या आज्ञेनं तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरी चतुःश्लोकी भागवतावर पहिला ग्रंथ झाला. नाथ पैठणला परतले, गिरिजाबाईंशी लग्न झालं. गोदावरी आणि गंगा या मुली आणि हरी हा मुलगा झाला. गोदावरीचा मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्धीला आलेले कवी मुक्तेश्वर. रोज गोदास्नान, पूजा, पुराण, अन्नदान, कीर्तन असा नाथांचा क्रम ठरलेला. संसार सोडून नव्हे, संसारात राहून परमार्थ.

आता ती सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. गोदावरीच्या वाटेवर एक यवन बसत असे. नाथ स्नान करून वर आले की तो पान खाऊन त्यांच्या अंगावर थुंके. नाथ काही न बोलता परत नदीवर जात, पुन्हा स्नान करून येत. एके दिवशी त्यानं हट्टच धरला. १०८ वेळा तो थुंकला आणि १०८ वेळा नाथांनी स्नान केलं. शेवटी तोच थकला, ओशाळला आणि पाया पडला. नाथांनी त्याला उठवलं आणि उलट त्याचेच आभार मानले, की तुमच्यामुळे आज गंगेची एवढी स्नानं घडली.

मी हिशेबी माणूस. एका खेपेला दहा मिनिटं धरली तरी अठरा तास होतात. आकडा शब्दशः घ्यावा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण १०८ ही जपमाळेची मणिसंख्या आहे. सांगणाऱ्यांना सुचवायचं आहे ते एवढंच, की त्या थुंकण्याची नाथांनी माळ केली. प्रत्येक थुंकीला एक मणी ओढला. आणि मला असंही वाटतं, की वाटेवरच्या त्या माणसाकडे पाहताना नाथांना देवगिरीचा मलंग आठवत असेल. तेव्हा एकदा ते बावरले होते. आता ती चूक पुन्हा करायची नव्हती.

असाच एक प्रसंग आपल्याच लोकांनी घडवला. नाथांना राग आणून दाखवणाऱ्याला दोनशे रुपये देऊ, असं काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितलं. तो पादत्राणांसह घरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचं कौतुक केलं आणि जेवायलाच ठेवून घेतलं. जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. नाथांनी बाईंना सांगितलं, की पाहुणा पडेल, सांभाळा. बाई म्हणाल्या, की हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे, पडू देणार नाही. तो रडायला लागला आणि त्यानं दोनशे रुपयांची हकिगत सांगितली. आधी सांगितलं असतं तर तुमच्यासाठी थोडा रागावलो असतो, असं नाथांनी हळहळून म्हटलं. या गोष्टीत आपण नाथांचंच कौतुक करतो. मला मोठेपण गिरिजाबाईंचं वाटतं. परका माणूस पाठीवर बसला होता तो त्यांच्या.

इथवरचे अपमान नाथांच्या देहाचे. दत्तभक्तहो, आता चरित्राचा दुसरा भाग पाहा. नाथांनी धर्माचा अपमान केला, असा आरोप त्यांच्यावरच आला, आणि तो एकदा नव्हे, अनेकदा.

घरी श्राद्ध होतं. स्वयंपाकाचा घमघमाट रस्त्यावर गेला. जाणाऱ्या महार कुटुंबातली मुलं त्या वासानं कासावीस झाली. नाथ आणि गिरिजाबाईंनी त्या सगळ्यांना बोलावून तेच अन्न पोटभर वाढलं आणि ब्राह्मणांसाठी नव्यानं स्वयंपाक केला. पण निमंत्रित ब्राह्मण आलेच नाहीत. श्राद्ध बाटलं, पितरांचा अवमान झाला, असं म्हणून त्यांनी बहिष्कार टाकला. तेव्हा प्रत्यक्ष पितरच पानावर येऊन जेवले, असं महिपती सांगतात. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं मूल नाथांनी कडेवर उचलून घरी पोचवलं, त्यावरही बोल लागला. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला गंगाजल पाजलं, तेव्हाही सोबतचे यात्रेकरू हळहळले, की यात्रा वाया गेली. नाथांनी सांगितलं, की माझा रामेश्वर इथेच पोचला.

मग आलं भागवताचं प्रकरण. नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. पाच अध्याय झाले होते, त्याची नक्कल काशीला पोचली आणि तिथले पंडित संतापले. देववाणीतलं शास्त्र प्राकृतात, म्हणजे शूद्रांच्या आणि बायकांच्या भाषेत उतरवणं हा त्यांच्या दृष्टीनं धर्माचा उघड अपमान होता. त्यांनी नाथांना बोलावून घेतलं. नाथ गेले. भांडले नाहीत आणि आपलं लिखाण मागेही घेतलं नाही. तिथेच राहून, ज्यांचा विरोध होता त्यांनाच ग्रंथ ऐकवत पुढचे अध्याय लिहिले. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला ३१ अध्यायांचा आणि १८ हजारांवर ओव्यांचा तो ग्रंथ वाराणसीत पुरा झाला, आणि ज्यांनी निषेध केला होता त्यांनीच त्याची मिरवणूक काढली, अशी परंपरा आहे.

या अकराव्या स्कंधात काय आहे ते आपल्याला ठाऊक असायला हवं. अवधूतानं यदुराजाला सांगितलेले २४ गुरू यातच आहेत. तो अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा आहे. त्यातला पहिला गुरू कोण, तर पृथ्वी. लोक तिला खणतात, तुडवतात, तिच्यावर घाण टाकतात, ती धान्यच देते. आणि याच स्कंधाच्या २३ व्या अध्यायात अवंतीच्या त्या भिक्षूची कथा आहे. कंजूष माणूस, पैसा गेला, विरक्त झाला, भिक्षा मागू लागला. गावातली माणसं त्याचं पात्र ओढत, अन्नात घाण करत, अंगावर थुंकत. तो विचार करतो, की मला दुःख देणारी ही माणसंही नाहीत, देवही नाही, ग्रहही नाहीत. सुखदुःखाचं चाक फिरवतं ते माझं मन. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली तर रागवायचं कुणावर? एका बाजूला नाथ हे लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूला गोदावरीच्या वाटेवर ते जगत होते. ग्रंथ आणि आयुष्य यांची बेरीज अशी बिनचूक जुळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

विरोध घरातही होता. मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री झाला. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं आणि कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला कमीपणाचं वाटे. तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले. प्राकृत पुराण सांगायचं नाही, परान्न घ्यायचं नाही, या त्याच्या अटी बापानं मान्य केल्या. हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागला आणि श्रोते हळूहळू आटले. पुढे एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता, ऐपत एका पानाची. नाथ तिच्याकडे जेवले. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलायला गेला, तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. मुलाचा गर्व गेला. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मुलाला हरवायची नाथांना घाई नव्हती. त्याला घरी आणायची होती.

नाथांनी भारुडं लिहिली, त्यांत हिंदु-तुर्क संवाद म्हणून एक रचना आहे. ती प्रत्येकानं वाचावी. एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या धर्माची सालं काढतात. दगडाला देव म्हणता म्हणून हा चिडवतो, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, म्हणून तो चिडवतो. दोघांच्या मनातलं सगळं बाहेर येतं, नाथ काही झाकत नाहीत. आणि शेवटी दोघांनाही उमगतं की वाद पोकळ आहे, आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी, निजामशाहीच्या मुलखात, हे लिहिलेलं आहे. आज कुणी लिहिलं तर दोन्हीकडची मंडळी त्याच्या दारात उभी राहतील, आणि मागच्या त्या गुरुवारचा मी असतो, तर मीही त्यांच्यात असतो.

कायदा आहे, हे मला मान्य आहे. मुद्दाम, द्वेषानं धर्मभावना दुखावणाऱ्याला शिक्षेचं कलम १९२७ पासून आपल्याकडे आहे. खरोखरच तसं कुणी केलं तर पोलिसांत जावं. पण कायदाही आधी हेतू तपासायला सांगतो. आम्ही तर माणूसही तपासला नव्हता.

आता एक माझी गोष्ट सांगतो. कुणाला सांगितलेली नाही. कॉम्प्युटर यायच्या आधीचा काळ. मी सेव्हिंग्जच्या काउंटरवर होतो. काचेखाली दत्ताचा छोटा फोटो ठेवलेला असे. एका गुरुवारी वरच्या खेड्यातला एक शेतकरी पैसे काढायला आला. गर्दी होती, टोकन मिळायला उशीर झाला, तो कावला आणि त्या फोटोकडे बघून काहीतरी लागेल असं बोलला. मी उत्तर दिलं नाही. त्याची स्लिप घेतली, नमुना सही काढली आणि सही जुळत नाही म्हणून परत केली. सही जुळत होती. थोडी कापरी होती, एवढंच. त्यानं तीन वेळा सही केली. मी तीन वेळा नाही म्हणालो आणि उद्या या म्हणून सांगितलं. तो शेवटच्या एसटीनं हात हलवत गेला. पैसे कशासाठी हवे होते, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आला, एक अक्षर न बोलता पैसे घेऊन गेला. त्या गुरुवारी संध्याकाळी माझी सगळी बुकं पैशापर्यंत जुळली होती. मला वाटलं होतं, मी दत्ताचा अपमान सहन केला नाही. खरं म्हणजे दत्ताच्या नावावर मी माझाच राग वटवून घेतला होता. नाथांनी एका पैची चूक रात्रभर शोधली. माझी ही चूक माझ्या समोर यायला तीस वर्षं गेली, आणि तो माणूस आता कुठे शोधू?

नाथांनी आयुष्यात आणखी एक मोठं काम केलं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत चुका आणि भलते पाठ शिरले होते. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ती शुद्ध केली. ती ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आपल्याच प्रवरेच्या काठी आहे, आणि त्याच तालुक्यात प्रवरेकाठी देवगडचं दत्तस्थान आहे. आपल्या संगमनेरातून वाहणारी प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणच्या नाथसागरात जातं. नाथ ज्या पाण्यात उतरले त्यात आपल्या गावचंही पाणी होतं.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींचं निर्याण आणि नाथांचं निर्याण अशा पाच गोष्टी याच तिथीच्या मानतात. नाथषष्ठीला आजही पैठणला लाखो माणसं लोटतात. ज्यांच्यावर धर्म बुडवल्याचा ठपका होता, त्यांच्या पादुकांवर आज आपण डोकं ठेवतो. ठपका ठेवणाऱ्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत.

गेल्या नाथषष्ठीला मी त्या दोन पोरांना घेऊन पैठणला गेलो, ज्यांना त्या रात्री मी जाऊन या म्हणालो होतो. गोदाघाटावर त्यांना नाथांची गोष्ट सांगितली, आणि त्या रात्री माझं चुकलं हेही सांगितलं. एकजण म्हणाला, की काका, १०८ वेळा कसं जमायचं? मी म्हणालो, की १०८ राहू दे, आपण एकदा परत नदीवर जाऊन बघू. मग आम्ही तिघांनी स्नान केलं.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥